सीमध्ये फाइल विंडोजवर नीट वाचली जाते पण लिनक्सवर बिघडते, सगळीकडे चालेल अशी कशी उघडायची?

तुमचा प्रश्न असा की कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सीमध्ये रेकॉर्ड साठवणारा प्रोग्राम केलाय, घरी विंडोजवर मस्त चालतो, पण तीच फाइल लॅबमधल्या उबुंटूवर नेली की आकडे भलतेच येतात, मग प्रत्येक ओएससाठी वेगळा कोड लिहायचा का, आणि फाइल उघडायचं एफओपन हे फंक्शन सोडून ओपन वापरलं तर सुटेल का.

नाही सुटणार, उलट वाढेल. ओपन हे सी भाषेचं फंक्शनच नाहीये, ते युनिक्सवाल्यांचं आहे. विंडोजवर त्याचा भाऊबंद आहे पण नावापुढे अंडरस्कोर लावून, हेडर वेगळं, वर ओ-बायनरी नावाचा एक फ्लॅग लागतो जो लिनक्सवर नसतोच. एफओपन १९८९ च्या स्टँडर्डपासून भाषेतच आहे, तेव्हा तेच ठेवा. तुमचा घोळ माझ्या मते एका अक्षराचा आहे, मोडमध्ये (फाइल वाचायला की लिहायला उघडायची हे एफओपनला सांगणारी अक्षरं) बी म्हणजे बायनरी टाकलेला नाहीये. (फोनवरून लिहितोय, म्हणून कोड न टाकता तोंडीच सांगतो.)

इतक्या खात्रीने सांगतोय कारण याच्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. शिकत असताना गावातल्या एका दूध संकलन केंद्राला सभासदांची यादी ठेवायचा छोटा प्रोग्राम करून दिला होता. रेकॉर्ड एकदम साधं, चार बाइटचा सभासद नंबर आणि मागे चाळीस बाइटचं नाव, एफराइट करून ढकलायचं फाइलमध्ये. लिहिताना मोड नुसता डब्ल्यू, वाचताना नुसता आर. टेस्टिंग म्हणजे काय तर घरातल्या पाच-सहा जणांची नावं टाकली, चाललं, दिलं. दोन दिवसांनी फोन आला, अहो पंचवीसच्या पुढची माणसं गायब झालीत! जाऊन बघतो तर शंभरावर नावं भरलेली, फाइलची साइजही जवळपास बरोबर, पण यादी पंचविसाव्या नावावर येऊन थांबते. आधी ॲरेची साइज तपासली, मग लूप तपासला, मग कॉम्प्युटरला व्हायरस आहे असं त्यांना सांगून टाकलं (चूक झाली, अजून ऐकवतात).

कारण निघालं ते पार सीपी-एमच्या जमान्यातलं. ती १९७० च्या दशकातली ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यात फाइलची लांबी बाइटमध्ये नसायची, १२८ बाइटच्या तुकड्यांत मोजायचे, त्यामुळे शेवटच्या तुकड्यात मजकूर नक्की कुठे संपला हे दाखवायला कंट्रोल-झेड म्हणजे २६ नंबरचा बाइट टाकायचे. ती सवय डॉसने उचलली आणि विंडोजच्या सी लायब्ररीत अजून आहे. टेक्स्ट मोडमध्ये, म्हणजे बी न लावता, फाइल उघडली आणि वाचताना २६ दिसला की लायब्ररी म्हणते फाइल संपली. माझ्या सव्विसाव्या सभासदाचा नंबर २६, म्हणजे तो बाइट फाइलमध्ये हजर, खेळ खलास.

पण खरी गंमत पुढे झाली. तीच फाइल मी लिनक्सवर नेऊन वाचली, तिथे २६ ला कोणी विचारत नाही, पण दहाव्या सभासदाचा नंबर २५७३ दिसायला लागला आणि पुढचं सगळं विस्कटलं. का, तर १० नंबरचा बाइट म्हणजे नवी ओळ. विंडोजचा टेक्स्ट मोड लिहिताना प्रत्येक १० च्या आधी गुपचूप एक १३ घुसवतो आणि वाचताना काढून टाकतो, म्हणून विंडोजवर बसून तुम्हाला कधी पत्ताच लागत नाही. लिनक्सने आहे तसं वाचलं, आधी १३ मग १०, म्हणजे १० गुणिले २५६ अधिक १३, झाले २५७३. आणि एक बाइट जास्तीचा आल्यामुळे तिथून पुढचं प्रत्येक रेकॉर्ड एकेक घर सरकलं. तुमच्या भलत्याच आकड्यांमध्ये कुठे २५७३ दिसतोय का बघा, दिसला तर शंभर टक्के हेच.

पीएनजी फॉरमॅट बनवणाऱ्यांना ही भानगड चांगली माहिती होती. प्रत्येक पीएनजी फाइलचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात, १३७, मग पी एन जी ही अक्षरं, मग १३, १०, २६, १०. कोणी ती फाइल चुकून टेक्स्ट म्हणून हाताळली की पहिल्या आठ बाइटमध्येच चोरी पकडली जाते. मला हे फार आवडतं.

तर वाचताना आरबी, लिहिताना डब्ल्यूबी, जोडताना एबी, कायम. लिनक्स आणि मॅकवर त्या बी ला काही काम नाही, तो असला काय नसला काय सारखंच, त्यामुळे इफडेफ (ओएस बघून वेगळा कोड निवडायची सोय) वगैरे काही लागत नाही. मी तर साध्या टेक्स्ट फाइलसुद्धा बी लावूनच उघडतो आणि ओळीच्या शेवटी १३ असला तर स्वतः उडवतो, म्हणजे तिन्हीकडे एकच वागणूक. विंडोजवरच्या नोटपॅडला नुसत्या १० वर ओळ तोडणं २०१८ पासून जमतं, त्यामुळे तीही अडचण राहिली नाही. फक्त आरटी लिहू नका, तो टी मायक्रोसॉफ्टचा घरचा आहे, स्टँडर्डमध्ये नाही. आणि जुनी बिघडलेली फाइल फेकू नका, आरबीने वाचा, प्रत्येक १० च्या आधीचा एक १३ गाळत दुसऱ्या फाइलमध्ये डब्ल्यूबीने लिहा, सगळा डेटा जसाच्या तसा परत मिळतो, मी सगळ्या सभासदांना असंच परत आणलं.

बी टाकूनही आकडे चुकले तर स्ट्रक्चरमध्ये लाँग आहे का बघा. ६४ बिट विंडोजवर लाँग ४ बाइटचा, ६४ बिट लिनक्सवर ८ चा. आणि सर जर अजून डॉसबॉक्समध्ये टर्बो सी चालवत असतील तर तिथे इंटच २ बाइटचा. इंट३२-टी वापरा, स्टँडइंट हेडरमध्ये मिळतो (टर्बो सीत तो नाही, तिथे नाइलाज आहे).

फाइल उघडतच नसेल तर ते वेगळं दुखणं. आधी पी-एररने (एररचं खरं कारण छापणारं फंक्शन) काय म्हणतंय ते छापा, नुसतं फाइल नॉट फाउंड असं स्वतःचं वाक्य छापू नका, कारण परमिशन नसली तरी तुमचं वाक्य तेच येणार. लिनक्सवर कॅपिटल-स्मॉल अक्षर वेगळं धरतात, विंडोज आणि मॅकवर सहसा नाही. पाथमध्ये सरळ पुढे झुकलेला स्लॅश वापरा, विंडोजला चालतो. उलटा वापरला तर बॅकस्लॅश एन म्हणजे नवी ओळ आणि बॅकस्लॅश टी म्हणजे टॅब होऊन बसतो, न्यू किंवा टेबल नावाचं फोल्डर असलं की संपलंच. आणि विंडोज एक्सटेन्शन लपवतं, तुमच्या डेटा डॉट टीएक्सटीचं खरं नाव डेटा डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी असू शकतं, हसू नका, आठवड्याला एक तरी केस बघतो.

आता मराठी नावाच्या फाइल. इथे मात्र एफओपन विंडोजवर खरंच तोकडं पडतं. ते नाव जुन्या कोडपेजप्रमाणे (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) वाचतं, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये असं कोडपेज कधी नव्हतंच. तुम्ही यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) शेतकऱ्यांची यादी असं नाव दिलं आणि डब्ल्यूबी केलं तर एरर येत नाही, फाइल बनते, पण नाव म्हणून डोक्यावर रेघा असलेल्या युरोपियन अक्षरांचा कचरा दिसतो. उपाय म्हणजे प्रोग्रामभर यूटीएफ-८ ठेवायचं आणि स्वतःचं एकच छोटं फंक्शन लिहायचं, विंडोज असेल तर नाव आणि मोड दोन्ही मल्टीबाइट-टू-वाइडकॅरने बदलून डब्ल्यूएफओपनला द्यायचे (त्याच्याही पुढे अंडरस्कोर), नाहीतर सरळ एफओपन. सगळ्या प्रोजेक्टमध्ये इफडेफ त्या एकाच फंक्शनमध्ये. विंडोज १० च्या १९०३ व्हर्जनपासून ॲपच्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती विंडोजला देणारी फाइल) कोडपेज यूटीएफ-८ आहे असं जाहीर करता येतं, मग साधं एफओपनही चालतं, पण जुनी मशीन असतील तर पहिलाच मार्ग बरा.

आणि याच नावातला ऱ्य बघा, शेतकऱ्यांची मधला. तो ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकच अक्षर म्हणून किंवा साधा र आणि खाली नुक्ता म्हणून. दिसायला तंतोतंत सारखं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नाव साठवताना त्याचे दोन तुकडे करून टाकायची. लिनक्सला नाव म्हणजे नुसते बाइट, त्यामुळे जुन्या मॅकवरून आलेली फाइल फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसते आणि एफओपन म्हणतं अशी फाइलच नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. तेव्हापासून प्रोग्राम स्वतः बनवतो त्या फाइलना मी इंग्रजी स्मॉल अक्षरांचीच नावं देतो, आणि मराठी नाव फाइलच्या आत ठेवतो. त्यातही ऑक्स किंवा कॉन नाव देऊ नका, विंडोज डॉसच्या काळापासून ती राखून बसलंय, पुढे डॉट सी लावलं तरी पंचाईत होते.

व्हिज्युअल स्टुडिओ एफओपन असुरक्षित आहे, एफओपन-एस वापरा म्हणून वॉर्निंग देईल, तिकडे लक्ष देऊ नका, लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीत ते फंक्शनच नाही. सीआरटी सिक्युअर नो वॉर्निंग्ज हा मॅक्रो सगळ्या हेडरच्या वर टाकला की गप्प बसतं. आणि शेवटी सेव्ह करताना टेम्प फाइलमध्ये लिहून रीनेम करत असाल तर लिनक्सवर ते जुन्या फाइलच्या जागी आपोआप बसतं, विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असली की रीनेम नकार देतं, तिथे मूव्ह-फाइल-ईएक्सला रिप्लेस एक्झिस्टिंगचा फ्लॅग द्यायचा, आणि रीनेमच्या आधी दोन्ही फाइल एफक्लोज केल्यात ना ते बघा, उघडी फाइल विंडोज हलवू देत नाही.