बाळंतिणीला एचपीव्हीची लस: प्रश्न तुमचे, उत्तरं तज्ज्ञांची

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची आहे, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस सुचवली. पण ती बाळाला अंगावर पाजते, आणि लग्नानंतर ही लस फुकट जाते असंही ऐकलं. द्यावी का? (एक आई, बार्शी)

जरूर द्या. एचपीव्ही हा या कर्करोगाला कारणीभूत असलेला विषाणू. त्यावरच्या या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या आवरणातल्या प्रथिनाचे पोकळ कण असतात. त्यातून आईला संसर्ग होत नाही, मग दुधातून बाळाला होण्याचा प्रश्नच नाही. पाजणं एक वेळही थांबवू नका.

लग्नाबद्दल ऐकलंत ते अर्धंच खरं. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि झालेला संसर्ग ही लस बरा करत नाही, म्हणून ९ ते १४ हे वय सर्वांत चांगलं. पण लशीतल्या विषाणूच्या सगळ्याच प्रकारांचा संसर्ग एकीलाच आधी होऊन गेलाय, असं क्वचितच असतं. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर आहे. यातले १६ आणि १८ हे दोनच गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत आहेत. २६ वर्षांपर्यंत घ्यायला हरकत नाही, आधी कुठली तपासणीही लागत नाही. पुढे तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी मात्र लस घेतली तरी टळत नाही.

प्रश्न : आमच्याकडे एक डॉक्टर घरी सोडतानाच पहिला डोस द्या म्हणतात, दुसऱ्या डॉक्टर म्हणतात सहा आठवड्यांनी. पुढचे डोस तर हमखास चुकतात. काय करावं? (परिचारिका, प्रसूतिगृह, नांदेड)

दोघांचंही म्हणणं रास्त आहे. घरी सोडताना द्या म्हणणाऱ्यांना माहीत असतं, की बाई एकदा गेली की स्वतःसाठी परत येत नाही. थांबा म्हणणाऱ्यांची धास्ती तापाची असते. लशीने एक-दोन दिवस कणकण येऊ शकते. त्याच दिवसांत टाक्यांचा, गर्भाशयाचा किंवा स्तनाचा जंतुसंसर्गही डोकं वर काढतो. 'लशीचा ताप आहे' म्हणून घरी बसलेली बाळंतीण धोक्यात येते. आमचं मत: सगळं सुरळीत असेल तर सोडताना द्या, ताप किंवा जखमेची शंका असेल तर सहा आठवड्यांनी. सोडताना दिलात तर ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेल्यास दाखवायला यायचं, हे घरच्यांनाही बजावा.

पुढचे डोस बाळाच्या लसीकरणाला बांधा. पंधरा वर्षांच्या पुढे तीन डोस : ०, २ आणि ६ महिने. पहिला सोडताना दिला, तर दुसरा बाळाच्या १० आठवड्यांच्या लशीबरोबर. पहिला ६ आठवड्यांना दिला, तर दुसरा १४ आठवड्यांना. तिसरा गोवराच्या लशीबरोबर, म्हणजे बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दिला तरी चालतो; उशीर झाला म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते. लवकर देण्याला मात्र मर्यादा आहे : पहिल्या-दुसऱ्यात किमान ४ आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात १२ आठवडे, पहिल्या-तिसऱ्यात ५ महिने.

खरी गळती सव्वा महिन्यानंतर सासरी जाताना होते. तिकडच्या डॉक्टरांना आधी कुठली लस दिली हेच कळत नाही. लशीचं नाव, बॅच नंबर, तारीख आणि पुढची तारीख बाळाच्याच कार्डावर लिहा. आईचा वेगळा कागद हरवतो, बाळाचं कार्ड जपून ठेवलेलं असतं.

अर्धा मिलिलिटर, दंडाच्या स्नायूत, बसवून. नंतर १५ मिनिटं तिथंच थांबवा आणि तेवढा वेळ बाळ दुसऱ्याच्या हातात द्या, कारण चक्कर येऊ शकते. अँटी-डी (आरएच निगेटिव्ह आईला देतात ते प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलं असलं तरी ही लस चालते. प्रतिपिंडं लशीच्या आड येण्याची अडचण रुबेलासारख्या जिवंत लशींची. यीस्टची तीव्र ॲलर्जी असेल तर देऊ नका.

प्रश्न : मी बालरोगतज्ज्ञ. आईला लस देणं माझं काम का? (कोल्हापूर)

नियमानं नाही, सोयीनं हो. स्त्रीरोगतज्ज्ञांना वाटतं, लसीकरण बालरोगवाले बघतात. तुम्हाला वाटतं, आई त्यांची रुग्ण. या दोघांमध्ये बाई राहून जाते. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्येच स्पष्ट सांगितलंय, की २६ पर्यंतच्या, लस न घेतलेल्या स्तनदा मातांना ती द्यावी. तुमच्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर लस असतेच. किंमत आधी सांगा, तिन्ही डोसांची मिळून. दुसऱ्या डोसाला खर्च कळला की बाई येत नाही.

प्रश्न : दोन डोस झाले आणि पुन्हा दिवस गेले. आता? (सोलापूर)

घाबरू नका, गर्भपात करण्याचं काहीही कारण नाही. तिसरा डोस बाळंतपणानंतर घ्या.