शांत झाली की थिजली?

गणपती विसर्जन झालं की माझ्याकडे कुत्र्यांच्या पालकांचे फोन वाढतात. ढोल-ताशांनी घाबरलेलं जनावर पुरतं सावरलेलं नसतं आणि दिवाळी तोंडावर आलेली असते. हल्ली त्यात एक प्रश्न हमखास असतो: अंगाला घट्ट बसणारं ते जॅकेट घालावं का? त्यानं भीती कमी होते म्हणतात, ते खरं का?

पुण्यातल्या एका काकूंचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांची चिंगी गावठी, रस्त्यावरून घरी आलेली. पहिला बार वाजला की न्हाणीघरात शिरायची. थरथर, धाप, लाळ, खाणं बंद. काकूंनी जॅकेट मागवलं आणि विसर्जनाची मिरवणूक कोपऱ्यावर आली तेव्हा काकांनी तिला धरून ठेवलं, काकूंनी ते चढवलं.

"मॅडम, लगेच गप्प झाली हो. जागची हलली नाही. पण दुसऱ्या दिवशी ते जॅकेट हातात घेतलं तर कॉटखाली जाऊन बसली. असं का?"

काकूंनी त्या संध्याकाळचा व्हिडिओ पाठवला. चिंगी खरोखरच हलत नव्हती. पण कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, तोंड गच्च मिटलेलं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसत होतं. पुढे केलेला चिकनचा तुकडा तिनं हुंगलासुद्धा नाही. निवांत झालेलं कुत्रं अंग सैल सोडतं, एका कुशीवर कलंडतं, खाऊ दिला तर घेतं, वाटलं तर उठून जागा बदलतं. चिंगी थिजली होती. पळायची वाट बंद झाली की पुष्कळ जनावरं अशी गोठतात, आणि आपण समजतो गुण आला. जॅकेट वापरणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा फरक ओळखायला सांगते.

"म्हणजे मी छळलं का तिला?" काकूंचा आवाज कापत होता.

नाही. वस्तू वाईट नव्हती, वेळ चुकली होती. अंगावरच्या सारख्या, हलक्या दाबानं जीव निवतो या म्हणण्याला आधार आहे. अमेरिकेतल्या पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांना स्वतःला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. लस देताना गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा त्यांनी तरुणपणी पाहिला, त्यातली काही गुरं शांत होतात हे हेरलं आणि स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ९० चिंताग्रस्त कुत्र्यांवरच्या अभ्यासात त्यांचाही सहभाग होता. घट्ट जॅकेट घातलेल्या कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके सैल जॅकेटवाल्यांपेक्षा आणि जॅकेट नसलेल्यांपेक्षा कमी वाढले. काकू म्हणाल्या, "तान्ह्याला दुपट्यात गुंडाळतो तसंच की." बरोबर, फक्त तान्हं बाळ घाबरलेलं नसतानाही आपण त्याला गुंडाळतो.

पण सगळ्यांनाच ते लागू पडत नाही. तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात असलेल्या स्टेफानी रीमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या पालकांची पाहणी केली. २०२० साली ती प्रसिद्ध झाली. सव्वाबाराशे पालक होते. दाब देणारं जॅकेट वापरलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना उपयोग वाटला. आवाज झाला की लगेच आवडता खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त होतं. म्हणून मी जॅकेटला जोडीदार मानते, मुख्य इलाज नाही.

चिंगीच्या मनात जॅकेट आणि धडामधूम यांची गाठ पडली होती, म्हणून ते बाजूलाच ठेवलं. त्याऐवजी मेडिकलमध्ये मिळणारं रुंद क्रेप बँडेज घेतलं. आधी ते नुसतं जेवणाच्या भांड्याशेजारी. मग पाठीवर सैल टाकून खाऊ. मग दुपारच्या शांत वेळी बांधायचं: मधला भाग छातीवर, दोन्ही टोकं खांद्यांवरून पाठीवर नेऊन फुली, पुन्हा पोटाखाली फुली आणि गाठ कुशीला. गाठ कण्यावर नको. आत दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. दोनच मिनिटं, आणि ती कंटाळण्याआधी सोडायचं. बांधलेलं असताना तिला एकटं ठेवायचं नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर फारच जपावं लागतं, कारण कुत्रं मुख्यतः धापा टाकूनच अंग गार करतं. पगसारख्या चपट्या नाकाच्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बांधू नका.

काकांची शंका वेगळी होती. "हिनं कुशीत घेऊन घेऊनच ती भित्री झालीय." हे मी घरोघरी ऐकते आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्यापायी माणसं घाबरलेल्या जिवाला दूर लोटतात. भीती ही भावना आहे. धीर दिला म्हणून ती जास्त वाटू लागत नाही. चिंगी जवळ आली तर घ्या, न्हाणीघरात जायचं असेल तर जाऊ द्या, ओढून बाहेर काढू नका.

लाळ गळणं आणि खाणं सुटणं म्हणजे भीती हाताबाहेर गेलेली, म्हणून मी त्यांना पशुवैद्यांकडेही पाठवलं. गोळीचं नाव घेतलं की पालक कचरतात. नुसती गुंगी आणणारं औषध नको, चिंता कमी करणारं हवं, आणि त्याचा एक डोस दिवाळीआधी साध्या दिवशी देऊन बघावा, एवढं डॉक्टरांशी स्पष्ट बोला असं सांगितलं.

लक्ष्मीपूजनाला चिंगीला ऊन असतानाच फिरवून आणलं, खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी गोळी दिली, अंधार पडण्याआधी बँडेज बांधलं. प्रत्येक बाराला चिकनचा धागा. बऱ्याच बारांना तिनं खाल्लं. सुतळी बॉम्बला मात्र न्हाणीघर गाठलंच. काकूंनी बँडेज सोडलं, तिथेच गोधडी अंथरली आणि दार उघडं ठेवलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि पुन्हा खाऊ लागली. भीती गेली नाही, पण या वेळी ती थिजली नव्हती.

आता ते बँडेज कपाटात टाकू नका, असं मी काकूंना बजावलं आहे. अधूनमधून शांत दुपारी बांधायचं, खाऊ द्यायचा, सोडायचं. ते फक्त फटाक्यांच्याच दिवशी निघालं, तर चिंगी त्यालाही त्या जॅकेटसारखीच घाबरू लागेल.