टॅक्स वाचतो म्युनिकमध्ये, हप्ता भरायचा भोसरीत

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय 46, भोसरीत सीएनसीचं वर्कशॉप, घरी येणारे महिना 7 लाख, त्यातून मशिनच्या कर्जाचा हप्ता 1.6 लाख, एफडीत 95 लाख, मुलगी पुढच्या वर्षी शिकायला परदेशी. तुम्ही विचारता, नवी बीएमडब्ल्यू एम5 हायब्रिड (पेट्रोल इंजिन, सोबत प्लग लावून चार्ज करायची बॅटरी) घ्यावी, की 85 लाखांत मिळणारी 2022ची, नुसत्या व्ही8 म्हणजे आठ सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची एम5? म्युनिकचे मावसभाऊ म्हणतात, हायब्रिडच घे, टॅक्स वाचतो.

मावसभाऊ त्यांच्या जागी बरोबर आहेत. जर्मनीत कंपनीची गाडी खासगी वापरली की तिच्या छापील किमतीचा 1 टक्का दरमहा तुमच्या उत्पन्नात धरून त्यावर कर लावतात. अटीत बसणाऱ्या प्लग-इन हायब्रिडला अर्धाच. युरोपातल्या चाचणीत चार्ज केलेली बॅटरीही मोजली जाते, म्हणून 727 हॉर्सपॉवरची ही गाडी 2024 मध्ये आली तेव्हा तिथे कागदावर 100 किमीला दोन लिटरही पेट्रोल पीत नव्हती.

आपल्याकडे यातलं काही नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून या मापाच्या गाडीला 40 टक्के जीएसटी, हायब्रिड असो वा नसो. 5 टक्के फक्त पूर्ण इलेक्ट्रिकला. वर्कशॉपच्या खात्यात घेतलीत तरी त्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घेतली तर रोड टॅक्स 20 टक्क्यांनी, 30 लाखांच्या कमाल मर्यादेपर्यंत. स्वतःच्या नावावर 13 टक्के. सीए म्हणतील घसारा मिळेल, म्हणजे गाडीची घटती किंमत दरवर्षी खर्चात दाखवता येईल. मिळेल, 15 टक्के. तेवढ्यासाठी दोन कोटी खर्चायचे नसतात.

आता पेट्रोल. रोजचे 40 किमी तुम्ही लिहिलेत. व्ही8 पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला पाच-सहा किमी देईल, म्हणजे दिवसाला 800 रुपयांच्या आसपास. हायब्रिडची बॅटरी 18.6 युनिटची, रोज चार्ज केली तर हेच अंतर दीडशे रुपयांच्या विजेत होईल. महिन्याला 14-15 हजार वाचले, पाच वर्षांत साडेआठ-नऊ लाख. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक मात्र कोटीच्या वर आहे.

आणि ही बचतही गाडी रोज चार्ज झाली तर! पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की तुमचं पार्किंग स्टॅकमधलं (एकावर एक गाड्या उचलून ठेवणारं), वरच्या पाळण्यातलं आहे आणि सोसायटीने चार्जरची एनओसी अडवून ठेवलीय. माझ्यासाठी पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच. चार्ज न केलेली हायब्रिड म्हणजे तेच 4.4 लिटरचं व्ही8, वर पाचेकशे किलोचं ओझं. ही गाडी जवळजवळ 2,450 किलोची आहे. पाळणा किती वजन पेलतो, ते आधी त्याच्यावरच्या प्लेटवर वाचून या.



किंमत 2 कोटी धरली तर रोड टॅक्स 26 लाख, वर विमा. 90 लाख रोख दिलेत तरी 1.40 कोटींचं कर्ज. 9 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता 2.9 लाख. मशिनचा धरून साडेचार लाख जातात, एफडी संपते आणि मुलीची फी कुठून भरायची ते तुम्ही लिहिलेलं नाही. विम्याच्या तक्त्यातही गाडीची किंमत तिसऱ्या वर्षी 30 टक्के उतरलेली धरतात. म्हणून नव्या गाडीला माझा नकार आहे.

जुनीला मी हो म्हणेन, थोडा नाखुशीनेच. तिची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलीय. 55 लाख रोख द्या, 30 लाख तीन वर्षांसाठी घ्या. 11 टक्क्यांनी हप्ता 98 हजार. मुलीसाठी 40 लाख शिल्लक राहतात. टायर, ब्रेक, गिअरबॉक्स यांसाठी वर्षाला चार-पाच लाख बाजूला धरा, कारण वॉरंटी संपलेली किंवा संपत आलेली असेल.

एजंट दिल्ली पासिंगची आणखी स्वस्त गाडी दाखवेल. इथे रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, तेव्हा स्वस्ताई तिथेच जिरते. महाराष्ट्र पासिंगचीच बघा, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड मागा, लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.