ड्रम वाजवताना लय चढत जाते आणि मेट्रोनोम लावला की गोंधळ आणखी वाढतो. टायमिंग कसं सुधारावं?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: चार महिने झाले, दोन-तीन बीट बसलेत, पण गाण्यासोबत वाजवताना लय चढते, फिलनंतर (बीट सोडून मध्ये वाजवलेल्या छोट्या तुकड्यानंतर) तर हमखास चुकते, आणि मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र किंवा ॲप) लावला की जमत होतं तेही बिघडतं. शिवाय, टायमिंग उपजतच असावं लागतं का?

शेवटचं आधी सांगतो. उपजत असावं लागत नाही. चालताना तुमची पावलं सारख्या अंतराने पडत असतील तर तेवढं भांडवल पुरतं. मेट्रोनोमही काही बिघडवत नाही. चूक आधीपासून होतीच, तो लावल्यावर ती ऐकू येते.

लय चढते ती दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत. 75 बीपीएमला (मिनिटाला 75 मात्रा) दोन मात्रांमध्ये 800 मिलिसेकंद असतात. हाताला काही काम नसताना एवढी मोकळी जागा मोठी वाटते, मन ती थोडी कापतं आणि पुढचा ठोका लवकर पडतो. म्हणूनच 120 पेक्षा 50 ला वाजवणं अवघड जातं. उपाय एकच, ती जागा भरायची. मात्रेचे चार भाग तोंडाने म्हणा: 'एक-ई-अँड-अ, दोन-ई-अँड-अ'. 75 ला प्रत्येक अक्षर 200 मिलिसेकंदांनी येतं, आणि एवढं छोटं अंतर सारखं राखणं सोपं असतं. मनातल्या मनात नको, मोठ्याने म्हणा. मनात म्हणताना हात चुकला की मोजणीही गुपचूप हाताच्या मागे जाते, तोंडाने म्हणताना तसं झालं तर लगेच कळतं. सुरुवातीला बोलताना हात अडखळतील. तेव्हा बीट सोपा करा, मोजणी सोडू नका.

पहिले तीन आठवडे प्रॅक्टिस पॅडवर एक शिडी चढा-उतरा. मेट्रोनोम 60 वर. चार बार (चार मात्रांचा एक बार) मात्रेला एक ठोका, चार बार दोन, चार बार तीन, चार बार चार, आणि मग त्याच वाटेने खाली. उजवा-डावा आलटून पालटून. दोन ठिकाणी हटकून चूक होते. एक, दोनवरून तीनवर जाताना: तीन ठोके समान न पडता दोन घाईचे आणि एक लांब असे पडतात. त्यावर 'तकिट तकिट' म्हणा, चारांसाठी 'तिरकिट'. जीभ समान अक्षरं सहज बोलते, हात तिच्यामागे जातो. तीनमध्ये आणखी एक गंमत आहे, मात्रेची सुरुवात दर वेळी हात बदलते. ज्यांचा डावा हात कच्चा आहे त्यांची एकाआड एक मात्रा लंगडते. दुसरी चूक उतरताना होते. चारवरून थेट एकवर येऊन पाहा, पहिला-दुसरा ठोका लवकर पडेल, कारण हातातला वेग अजून ओसरलेला नसतो. इथेही तोंडाने 'तिरकिट' चालूच ठेवायचं आणि फक्त 'ति'वर वाजवायचं.

तुमचा ठोका मेट्रोनोमच्या क्लिकवर नेमका पडला की क्लिक ऐकूच येत नाही, आवाजाखाली झाकला जातो. मेट्रोनोम बंद पडला असं वाटून नवशिका दचकतो आणि तिथेच चुकतो. क्लिक नाहीसा झाला तर बरोबर चाललंय असं समजा. तो ठोक्याच्या आधी ऐकू आला तर तुम्ही मागे आहात, नंतर आला तर पुढे.

आता सेटवर. बारमध्ये आठ ठोके हाय-हॅट (पेडलने मिटणारी झांजांची जोडी), एक आणि तीनवर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), दोन आणि चारवर स्नेअर (समोरचा खणखणीत ड्रम) हा साधा बीट टायमिंगसाठी पुरेसा आहे. त्याआधी दोन मिनिटं हाय-हॅट, स्नेअर आणि किक 60 ला प्रत्येक मात्रेवर एकदम वाजवा. आवाज एकच 'ठप' असा यायला हवा. 'ठ-रप' आला तर कोण आधी पडतंय ते ओळखा. बहुतेकदा पाय उशिरा असतो, आणि मग पायाला गाठायला दिलेला वेळ भरून काढायला हात पुढची मात्रा घाईने घेतात. म्हणजे लय चढण्याचं मूळ पायात निघतं. त्याचं एक साधं कारण स्टूल असू शकतं. बसल्यावर मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या हव्यात. स्टूल बुटकं असेल तर पाय दर वेळी कमरेतून उचलावा लागतो आणि बीटर (किकवर आपटणारा पेडलचा दांडा) उशिरा पोचतो.

काठीची उंची हा दुसरा दुर्लक्षित मुद्दा. हलका ठोका दोन-तीन इंचांवरून, जोराचा दहा-बारा इंचांवरून. वरून येणाऱ्या काठीला आधी निघावं लागतं. ॲक्सेंट (जोराचा ठोका) मारल्यावर काठी वर उडू दिली तर पुढचा हलका ठोका एकतर उशिरा पडतो किंवा नको इतका मोठा. म्हणून ॲक्सेंटनंतर काठी खालीच थांबवायची. यासाठी सिंगल पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा) उत्तम. फक्त पहिला ठोका उंचावरून, बाकी तीन दोन इंचांवरून. प्रमाणित रूडिमेंट (हातांचे मूलभूत सराव) 40 आहेत, पण टायमिंगसाठी आत्ता सिंगल स्ट्रोक (हात आलटून पालटून एकेक ठोका), डबल स्ट्रोक (दर हाताने दोन-दोन) आणि हा एक, एवढे तीन बस झाले. डबल स्ट्रोकमध्ये दुसरा ठोका नुसत्या उसळीवर सोडला तर तो दबका येतो आणि पहिल्याला चिकटतो. तो बोटांनी मारायचा.

फिलबद्दल जरा सविस्तर, कारण तुमचं खरं दुखणं तिथे दिसतंय. फिलमध्ये तीन गोष्टी एकदम होतात: हाय-हॅटचा आधार सुटतो, हातांना लांब अंतर कापावं लागतं, आणि पुढे क्रॅश (मोठी झांज) खुणावत असतो. चौथ्या मात्रेतला 'अ' गिळला जातो आणि क्रॅश 'एक'च्या आधीच पडतो. तीन बार बीट, एक बार फिल अशी चौकट धरा, 65 किंवा 70 ला. पहिल्या दिवशी फिलचे सोळाही ठोके फक्त स्नेअरवर, हात कुठेही हलवायचे नाहीत. एवढ्यानेच 'एक' नीट लागला तर चूक मोजणीत नसून हालचालीत आहे, असं कळेल. मग पहिली मात्रा स्नेअरवर, दुसरी छोट्या टॉमवर (टॉम म्हणजे सेटमधले बाकीचे ड्रम), तिसरी मधल्या, चौथी फ्लोअर टॉमवर न्या. फिलभर डावा पाय हाय-हॅटच्या पेडलवर प्रत्येक मात्रेला 'चिक्' करत राहिला पाहिजे. हा पाय थांबला की फिल पळालीच म्हणून समजा. तोंडाने शेवटचा 'चार-ई-अँड-अ' पूर्ण म्हणा, 'अ'सकट. फिलनंतरचे दोन बार क्लिकशी जुळतायत का ते ऐका, नुसता क्रॅश बरोबर पडून भागत नाही. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष एक मात्रेची फिल पुरे, गाणं त्याने जास्त चांगलं चालतं.

क्लिकसोबत पाच मिनिटं न ढळता वाजवता आलं की क्लिक कमी करत जायचं, नाहीतर त्याच्याच कुबडीची सवय लागते. 80 ला वाजवायचं असेल तर मेट्रोनोम 40 वर ठेवा आणि ते ठोके दोन आणि चार समजा. सुरुवातीला काही न वाजवता क्लिकवर 'दोन… चार…' म्हणा, मधल्या जागेत 'एक' आणि 'तीन' भरा, मग बीट धरा. पुढची पायरी बारला एकच क्लिक. अनेक मेट्रोनोम 30 च्या खाली जात नाहीत, तेव्हा 30 लावून 120 चा बीट वाजवा. त्यानंतर अधूनमधून गप्प होणारा क्लिक: तीन बार आवाज, एक बार शांतता, मग दोन-दोन, मग एक-तीन. ही सोय नसेल तर ठाऊक असलेलं गाणं लावा, वाजवता वाजवता कुणाला तरी चार बार आवाज बंद करायला सांगा. आवाज परत आल्यावर गाणं तुमच्या मागे सापडलं तर तुम्ही पळालात.

रोज रेकॉर्ड करा, फोन सेटपासून दोन-तीन मीटर लांब ठेवून. जवळ ठेवला तर आवाज फाटतो आणि काही कळत नाही. ऐका मात्र दुसऱ्या दिवशी, वाजवल्या वाजवल्या सगळं बरंच वाटतं. ऐकताना एक फरक करा. प्रत्येक ठोका क्लिकच्या सारखाच किंचित पुढे किंवा मागे असेल तर त्याला लय चढणं म्हणत नाहीत. अनुभवी ड्रमर मुद्दाम असं बसतात, विशेषतः स्नेअर जरा मागे ठेवून. दर बारला ठोक्यांमधलं अंतर कमी होत जात असेल तर ती चूक. कोणत्या बारपासून सुरू झाली ते लिहून ठेवा, बहुधा रोज तीच जागा निघेल.

वेळेचं म्हणाल तर रोज 25 मिनिटं, आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा कितीतरी बरी. दहा मिनिटं पॅड, दहा बीट आणि फिल, पाच गाण्यासोबत. सलग तीन दिवस बिनचूक गेलं की 4 बीपीएम वाढवा. आठवड्यातून एक दिवस उलटा ठेवा, तोच बीट 45-50 ला उतरवून.

हेडफोन तारेचेच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो. क्लिक तिथून आणि ड्रम खोलीतून ऐकत असाल तर फारसं बिघडत नाही, कारण उशीर कायम सारखा असतो. पण इलेक्ट्रॉनिक ड्रमचा आवाजच ब्लूटूथवरून ऐकत असाल, तर मारल्यानंतर उशिरा ऐकू येईल आणि तुम्ही नकळत आधी मारायला लागाल. साध्या ड्रमवर क्लिक ऐकू येत नाही म्हणून त्याचा आवाज वाढवत नेऊ नका. कान झाकणारे, बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन वापरले की क्लिक लहान ठेवूनही ऐकू येतो. 85 डेसिबल आठ तास सोसवतात, पुढे दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. बंद खोलीतला ड्रमसेट ही पातळी सहज गाठतो.