नऊवारीतला 'वार' आला कुठून?

प्रश्न सिडकोतल्या एका वाचकांचा आहे. त्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरत फिरत आला. इंग्रजांचा 'वॉर' म्हणजे आपलाच 'वार'. हंगेरीत 'वार' म्हणजे किल्ला, तुर्कस्तानात 'वार' म्हणजे 'आहे', स्वीडनमध्ये 'वार' म्हणजे 'होता'. तेव्हा एके काळी सगळं जग आपलीच भाषा बोलत होतं. ते विचारतात, यात तथ्य किती?

शब्द खरे, अर्थही खरे, निष्कर्ष भंपक.

'वॉर'चं आधी उरकून टाकू, कारण हा मजकूर मलाही वर्षातून तीनदा येतो आणि दर वेळी पाठवणारा माणूस शिकलेला असतो. इंग्रजांनी हा शब्द उत्तर फ्रान्समधल्या बोलीतून घेतला. तिथे तो 'वेर्र' होता, आणि फ्रेंचांकडे तो आला फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळीकडून. मूळ अर्थ गोंधळ, गुंता, बखेडा. जर्मनमध्ये गोंधळात टाकण्याला आजही 'फेरव्हिरेन' म्हणतात, ते त्याच घरातलं. त्याच शब्दाचं स्पॅनिश रूप 'गेर्रा', आणि त्याचं लाडकं धाकटं रूप 'गेरिया', म्हणजे छोटं युद्ध. इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'गुरिल्ला' झालं. गनिमी काव्याला गुरिल्ला युद्ध म्हणताना आपण 'युद्ध' हा शब्द दोनदा म्हणतो, ते असो. सांगायचं इतकंच की या सगळ्या प्रवासात तलवारीचा वार कुठेही नाही.

तुर्की 'वार'चीही तीच गत. त्याचं जुनं रूप 'बार' आहे. कझाक भाषेत आजही 'बार'च म्हणतात. तुर्कांच्या तोंडात त्या 'ब'चा 'व' झाला आणि योगायोगाने आपल्यासारखा दिसू लागला. साम्य शोधायचं तर शब्दाचं जुनं रूप शोधावं, आजचं नाही. स्वीडिश 'वार' म्हणजे 'होता', 'कुठे', 'प्रत्येक' आणि (माफ करा, जेवताना वाचत असाल तर) पू. एकट्या स्वीडिशमध्ये चार वार. म्हणून स्वीडिश लोकांना आपण आपले चुलतभाऊ ठरवायचे का? दोन व्यंजनांत एक स्वर धरला की जगाच्या पाठीवर कुठे ना कुठे टक्कर होणारच. आपण शेजारी बघत नाही, स्वीडनला जातो, याचंच मला नवल. आमच्या इमारतीत एक कानडी सून आहे. तिने पहिल्या वर्षी सासूला सांगितलं, 'एका वाराने येते.' सासूबाई दुसऱ्या दिवशी स्टेशनवर. कानडीत 'वार' म्हणजे आठवडा, तेलुगूत 'वारं' म्हणजेही आठवडा. शब्द आपल्यासारखाच संस्कृतातून घेतलेला, फक्त त्यांनी दिवसाचं नाव आख्ख्या सप्ताहाला दिलं. ही गंमत त्या मजकुरात नाही.

सोमवार-मंगळवारचा वार, घाव या अर्थाचा वार, 'तालुकावार'मधला वार, वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांचा वार, हे सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते नऊवारीतल्या वाराबद्दल.

बोलायचं कारण असं. गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइकवरून सांगितलं, 'शत्रूचे नऊ वार झेलणारी ती नऊवारी!' टाळ्या पडल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो, उठून जाता आलं नाही. पाचवारी नेसणारीने मग पाचच झेलायचे? त्याच बाईंची साडी 'शिवलेली नऊवारी' होती, म्हणजे सहावारीतून कापून शिवलेली. सहा वारांची नऊवारी! आमच्या आजोबांचं कापडाचं दुकान होतं, त्यांनी हे गिऱ्हाईक पायरीवरूनच परत पाठवलं असतं.

आजी तर 'नऊवारी' हा शब्द वापरतच नसे. ती 'लुगडं' म्हणे. गोल पातळं घरात आली, सुना पाचवारी नेसू लागल्या, तेव्हा कुठे जुन्या लुगड्याला 'नऊवारी' हे वेगळं नाव द्यायची गरज पडली. आणि आजीच्या सासूबाई म्हणे लुगड्याची लांबी सांगताना 'वार' म्हणतच नसत, 'अठरा हात' म्हणत. हिशेब बरोबर आहे. हात अठरा इंचांचा, वार छत्तीस इंचांचा, दोन हातांचा एक वार. हात आपला, पिढ्यान्‌पिढ्यांचा. मग हा वार मधेच कुठून उपटला?

उत्तर पोर्तुगीज आहे, आणि मला हे उत्तर फार आवडतं. पोर्तुगीजमध्ये 'व्हारा' म्हणजे काठी, छडी. तेच त्यांचं कापड मोजायचं माप, पाच वितींचं, सुमारे ११० सेंटिमीटर. स्पेनमध्येही 'व्हारा' होता, पण आखूड, साधारण ८४ सेंटिमीटर. स्पॅनिश लोकांनी तो अमेरिकेत नेला आणि टेक्सासात जमिनीची जुनी कागदपत्रं वाचायला आजही व्हारा कळावा लागतो. तिथे तो ३३ पूर्णांक एक तृतीयांश इंचांचा. म्हणजे आमच्या येवल्याची नऊवारी पैठणी आणि टेक्सासातलं गुरांचं कुरण एकाच काठीने मोजलेलं! हे वाक्य लिहिताना मला किती आनंद होतोय हे तुम्हाला दिसायला हवं होतं.

माझे एक मित्र आहेत, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांना हे पोर्तुगीज प्रकरण सहन होत नाही. त्यांचं म्हणणं, संस्कृतात 'वार' म्हणजे खेप, पाळी. 'वारंवार'मध्ये तोच आहे. हात एकदा पसरून कापड ताणलं की एक खेप, म्हणजे एक वार. 'घरात असताना शेजारी मागायला कशाला जायचं?' असं ते टाळी देत म्हणतात.

ऐकायला छान. पण हात पसरून मोजायच्या मापाला मराठीत शब्द आहेच: 'वाव'. दोन्ही हात पसरले की एक वाव. विहिरीची खोली 'परस'ने मोजतात, जमीन काठीने. आणि वार? जुन्या व्यवहारात तो मला भेटतो तो कापडापाशी. खेपेवरून आलेला असता तर दोर, बांबू, भिंत, सगळ्याला लागला असता. दुसरं, नकाशा बघा. मराठीत वार, कोकणीत वार, गुजरातीत वार, सगळा पश्चिम किनारा. आत हिंदीत शिरलात की कापड 'गज'ने मोजतात. संस्कृतातून आला असता तर काशीला आधी पोचला असता, सुरतेला नंतर. किनाऱ्या-किनाऱ्याने पसरलेला शब्द गलबतातून उतरलेला असतो.

आणि तो एकटा नाही उतरला. शिंप्याच्या दुकानात जा. 'फीत' ही पोर्तुगीज 'फिता'. 'काज' तर माझा लाडका: पोर्तुगीजमध्ये 'काझा' म्हणजे घर, आणि बटणाच्या भोकालाही ते 'काझा'च म्हणतात, बटणाचं घर. आपण घर विसरलो, भोक ठेवलं. फीत आली, काज आलं, मग मोजायची काठीच मागे कशी राहील? वसई पोर्तुगीजांकडे १५३४ पासून १७३९ पर्यंत होती, चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत दोनशे पाच वर्षं. तिथून थळ घाट चढला की आपलं नाशिक. मित्र म्हणतात, 'घाट चढला याचा पुरावा?' मी म्हणतो, पुरावा तुमच्या बायकोच्या कपाटात घडी करून ठेवलाय.

त्यांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे, तो लपवत नाही. पोर्तुगीज व्हारा ११० सेंटिमीटरांचा, आपला वार ९१.४४चा. त्या हिशेबाने नऊवारी जवळजवळ दहा मीटर भरायला हवी, भरते सव्वाआठ. बरोबर. पण मापाची नावं टिकतात, लांबी बदलत जाते. अकबराचा इलाही गज ४१ बोटांचा होता. पुढे गावोगावी गज वेगळा निघाला, नाव 'गज'च. इंग्रज आला, त्याने आपला यार्ड आणला, आपण त्या यार्डाला घरातलं तयार नाव देऊन टाकलं. १९५६ च्या कायद्याने मीटर आला. आता दुकानात कापड मीटरवर मिळतं, तरी कोणी 'सव्वाआठ मीटरी' नेसत नाही.

आता खरी मेजवानी. इंग्रजी 'यार्ड' हा शब्दही मुळात काठीच, जुन्या इंग्रजीत 'ग्यिर्द' म्हणजे छडी. फारसी 'गझ' हे झावाच्या झाडाचं नाव, आणि मापाचंही. मराठीत खिडकीला असतात ते गज, सारंगी वाजवायचा तो गज आणि कापड मोजायचा तो गज. सगळे सरळ दांडे. आमच्या दुकानात लोखंडी गज होता, त्यावर पितळी खुणा. आजोबा गजाने वार मोजत. म्हणजे फारसी काठीने पोर्तुगीज काठ्या मोजत, लांबी इंग्रजी काठीची, आणि लग्नसराईत हे सगळं मराठीत घासाघीस करत. जमिनीच्या मापाला आपण सरळ 'काठी'च म्हणतो: पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा बिघा. माणसाने जग मोजलं ते हाताला आली त्या काठीने.

हंगेरीचा किल्ला राहिला की. त्या मजकुरात खरा माल तेवढाच होता, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता! हंगेरियन ही आपल्या कुळातली भाषा नव्हेच; तिचं गोत्र फिनिशशी जुळतं. पण 'वार' हा किल्ला तिने इराणी भाषा बोलणाऱ्यांकडून उसना घेतला असं मानतात. पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता, त्यात 'वर' आहे: महाभयंकर हिवाळा येणार म्हणून त्यांचा देव अहुर मज्द यिमाला सांगतो, 'वर' बांध आणि त्यात माणसं, गुरं, बियाणं सुरक्षित ठेव. हा यिमा म्हणजे आपला यम. आणि त्या 'वर'च्या मुळाशी जो धातू आहे तोच संस्कृतातला 'वृ': झाकणे, वेढणे. आवरण त्यातलं, परिवार त्यातला, परिवार म्हणजे भोवती वेढा घालून बसलेली माणसं. (एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) 'द्वार' मात्र यात ओढू नका. मित्राने ओढलं होतं. तो धातू निराळा, तिथे फक्त 'वार' ऐकू येतो.

हंगेरियनांनी इराण्यांकडून 'बाजार'ही घेतला, त्यांच्याकडे त्याचा 'वाशार' झाला. आणि त्यांचा रविवार म्हणजे 'वॉशारनॉप', बाजारचा दिवस. आपल्याकडे गोदाकाठी बुधवारी भरतो म्हणून तो बुधवारचा बाजार. वारावरून बाजाराचं नाव. त्यांनी बाजारावरून वाराचं नाव ठेवलं.

शेवटी एक माझं स्वतःचं मत, कोणत्याही कोशावर ढकलू नका. मराठीत आणखी एक 'वार' आहे, स्त्रीलिंगी. गाय व्याल्यावर गोठ्यात पहिला प्रश्न असतो, 'वार पडली का?' वासरू पोटात ज्या आवरणाशी जोडलेलं असतं, ती वार. काही ठिकाणी तिला 'जार' म्हणतात, तो संस्कृत 'जरायु'. मित्र म्हणतात, जारचीच वार झाली. 'ज'चा 'व' कसा झाला ते एकदा फळ्यावर मांडून दाखवा म्हटलं, तर विषय बदलतात. मला वाटतं ही वार त्या 'वृ'चीच लेक: वासराभोवतीचा वेढा. तसं असेल तर हंगेरीचा किल्ला आणि आमच्या दिंडोरीच्या गोठ्यातली वार या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी. ध्वनीवर नव्हे, धातूवर जोडलेल्या, म्हणून तुमच्या मोबाइलवरच्या मजकुरासारखं हे नाही. मित्राच्या मते अगदी तसंच आहे.

कळवण, बागलाण, पेठ, इगतपुरीकडच्या गोठेवाल्यांनी एवढं कळवावं: तुमच्याकडे वार पडते की जार? आणि दोन्ही म्हणत असाल, तर गाईला कोणती आणि बाईला कोणती?