अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगठा जास्तच सुजला, गोळी बंद करू का?

तुम्हाला गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार आहे. युरिक अ‍ॅसिड ८.६, ते उतरवायला रोज अ‍ॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम, आणि दहाव्या दिवशी अंगठा पुन्हा लालबुंद. शिवाय मटणाच्या फोडी सोडून नुसता पांढरा रस्सा चालेल का, असंही विचारलंय.

गोळी मनानं बंद करू नका. झँथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम हायपोझँथिनचं झँथिन आणि झँथिनचं युरिक अ‍ॅसिड करतं. ही गोळी त्यालाच अडवते. रक्तात साधारण ६.८ च्या वर युरिक अ‍ॅसिड विरघळलेलं राहत नाही, सांध्यात सुईसारखे खडे धरतात. पातळी उतरू लागली की हे जुने खडे झिजून सुटतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. म्हणून सुरुवातीचे ३ ते ६ महिने सोबत ही सूज टाळणारी कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम देतात. तुम्हाला दिलेली दिसत नाही, डॉक्टरांना जरूर विचारा. किडनीचा त्रास असेल तर तेही सांगा. १०० हा सुरुवातीचा डोस आहे, पातळी ६ च्या खाली येईपर्यंत तो दर काही आठवड्यांनी वाढवतात.

अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा त्यासोबत ताप आला, तर मात्र त्याच दिवशी गोळी बंद आणि थेट दवाखाना. हे अजिबात अंगावर काढू नका. अ‍ॅझाथायोप्रिन (रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर तेही आधीच सांगा. ते औषध मोडायलाही हेच एन्झाइम लागतं. ते अडलं की औषध साठतं आणि रक्तपेशी धोकादायकरीत्या घटतात.

आता रस्सा. ज्यापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं ते प्युरिन पाण्यात उतरतं. मटण शिजताना त्यातलं बरंचसं अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात जातं, आणि पांढरा रस्सा होतो तो त्या अळणीचाच. म्हणजे फोडी बाजूला सारून चार वाट्या रस्सा ओरपणं हा उलटा हिशेब झाला. अळणी टाकून दोन-चार फोडी खाल्लेल्या परवडल्या. काळीज आणि गुर्दा मात्र नकोच.

कोल्हापूरच्या गंगावेशीतलं दूध खुशाल प्या. दुधात हे झँथिन ऑक्सिडेज भरपूर असतं, पण ते पोटात पचून जातं. उलट दुधातल्या प्रथिनांमुळे युरिक अ‍ॅसिड थोडं कमीच होतं. काकवी आणि कोल्ड्रिंकला हात आखडता घ्या, त्यातलं फ्रुक्टोज यकृतात युरिक अ‍ॅसिड वाढवतं.

सूज असताना युरिक अ‍ॅसिडच्या तपासणीवर विसंबू नका. त्या वेळी आकडा खोटाच नॉर्मल येऊ शकतो. सूज उतरून किमान दोन आठवडे जाऊ द्या, मग तपासा.