वाचक विचारतात : चाकाच्या खुर्चीचं बटण लावलं की झालं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. कोल्हापुरात आमची चौघांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. आसपासच्या कॉलेजांना आम्ही ऑनलाइन प्रवेशाची प्रणाली करून देतो. एका प्राचार्यांनी यंदा अट घातली आहे, की दिव्यांग मुलांना अर्ज स्वतः भरता आला पाहिजे. आमचे मालक म्हणतात, साइट दिव्यांगांना वापरता येईल अशी करतो म्हणणारं, चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेलं तयार बटण विकत मिळतं, कोडची एक ओळ टाकली की काम भागतं. नाहीतर अर्जाखाली ‘मदतीसाठी सोबत कोणाला तरी आणावे’ असं लिहू. प्रवेश तोंडावर आलेत. सुरुवात कुठून करू?
— एक डेव्हलपर, कोल्हापूर

उत्तर : मालकांचं ते ‘सोबत कोणाला तरी आणावे’ आधी खोडा.

मी जन्मापासून अंध. २०१८ साली पदवीच्या प्रवेशाचा अर्ज तालुक्याच्या गावी नेट कॅफेत भरला. सोबत अण्णा होते, त्यांची शाळा चौथीपर्यंत झालेली. मागे रांग उभी, आणि कॅफेवाला पोरगा सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारतोय, “अपंगत्व किती टक्के?” प्रमाणपत्राचा स्कॅन १०० केबीत बसेना. दोनदा खटपट करून त्यानं ‘दिव्यांग आहात का?’ यापुढे ‘नाही’ निवडलं आणि अर्ज पुढे ढकलला. आम्हाला बोलला नाही. गुणवत्ता यादी लागली तेव्हा कळलं. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ३२नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना किमान ५ टक्के जागा आहेत. त्या जागांच्या यादीत मी नव्हतेच. हातात होती फक्त छापील प्रत. ती मला वाचता येत नाही, आणि अण्णांना इंग्रजी येत नाही.

शिवाय सोबत येणाऱ्याच्या हाती काय काय जातं ते बघा. पासवर्ड, ओटीपी, घरचं उत्पन्न, जात, आजाराचं नाव. अठरा वर्षांच्या मुलीला हे शेजारच्या काकांना सांगावंसं वाटेल का?

बटणाचं म्हणाल तर पैसे वाचवा. अक्षर मोठं करायची सोय ब्राउझरमध्ये आधीच असते, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मी वापरते तो माझाच असतो, तुमचा नको. खालचा फॉर्म मोडका असेल तर वरच्या बटणानं तो दुरुस्त होत नाही. असं बटण विकणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये फसव्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले, एवढं मालकांच्या कानावर घाला.

आता सुरुवात. माउस ड्रॉवरमध्ये टाका. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घ्या. फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोघा अंध प्रोग्रामरांनी घडवलेला आहे. त्यात ‘स्क्रीन कर्टन’ नावाची सोय आहे, ती चालू केली की पडदा काळा होतो. मग टॅब दाबत दाबत स्वतःचाच अर्ज भरून दाखवा. पुण्यात मी हेच काम पगारावर करते, आणि पहिल्या दहा मिनिटांत समोरचा डेव्हलपर गप्प होतो.

कारण बहुधा पहिल्याच रकान्यावर आवाज येतो, “एडिट, ब्लँक.” पुढच्यावर, “एडिट, ब्लँक.” आईचं नाव कुठे आणि आधार क्रमांक कुठे, पत्ताच नाही. डोळ्यांना रकान्याशेजारी ‘आईचे नाव’ दिसतं, पण कोडमध्ये ती अक्षरं रकान्याला बांधलेली नसतात. लेबल बांधायला एका रकान्याला अर्धं मिनिट लागतं. सक्तीच्या रकान्यापुढच्या तारकेच्या (*) खुणेचंही तसंच. नुसती लाल रंगाची खूण मला दिसत नाही, आणि लाल-हिरवा न ओळखणाऱ्या मुलालाही ती कळत नाही. ‘आवश्यक’ असं शब्दात लिहा.

चूक झाली की तुमची प्रणाली कोपऱ्यात तीन सेकंद एक पट्टी दाखवते ना? ती मला ऐकूच येत नाही. मी ‘सबमिट’ दाबते, काही घडत नाही, पुन्हा दाबते. चूक रकान्याजवळ लिहा, ‘पिनकोड सहा अंकी हवा’ असं नेमकं लिहा, आणि कर्सर तिथे न्या.

सगळ्यात जास्त छळतो तो पसंतीक्रम. कॉलेजांची नावं माउसनं ओढून वरखाली करायची! अंधांचं सोडा, हात थरथरणाऱ्या मुलालाही ते जमणार नाही. साइट दिव्यांगांना वापरता यावी म्हणून असलेले डब्ल्यूकॅग २.२ हे आंतरराष्ट्रीय निकष ऑक्टोबर २०२३ मध्ये आले. त्यात स्पष्ट आहे, की ओढून करायचं काम न ओढताही करता आलं पाहिजे. प्रत्येक नावापुढे ‘वर’ आणि ‘खाली’ अशी दोन बटणं द्या. डोळस पालकही मोबाइलवर तीच वापरतील, पैज लावते.

वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा काढून टाका. ओटीपी मागताच ना, मग आणखी पहारा कशाला? जन्मतारीख कॅलेंडर उघडून १९ वर्षं मागे ढकलायला लावू नका, टाइप करू द्या. वेळ संपत आली की आधी सांगा आणि एका बटणावर वाढवून द्या. माझं सेशन एकदा नवव्या पानावर संपलं होतं. त्या दिवशी मी लॅपटॉपला जे बोलले ते छापता येणार नाही.

आणि एक खास आपल्याकडचं. कॉलेजच्या सूचना अजून कृतिदेव, श्रीलिपी असल्या जुन्या फाँटांत टाइप होतात आणि पीडीएफ म्हणून तुमच्या साइटवर चढतात. कृतिदेवमध्ये ‘महाराष्ट्र’ लिहिलं तर त्यातल्या ‘महारा’ची मूळ अक्षरं रोमन असतात, त्यामुळे माझ्या कानात पडतं ‘ई-जी-के-जे-के’. स्कॅन करून टाकलेल्या यादीतून तर तेवढंही ऐकू येत नाही. सूचना युनिकोडमध्ये मागा, यादी साध्या वेबपानावर टाका, आणि पान मराठी असेल तर कोडमध्ये भाषा मराठी नोंदवा, म्हणजे रीडर मराठी आवाज लावतो. तुमच्या साइटवर ती बहुतेक ‘इंग्लिश’ असेल. टेम्प्लेट तसंच येतं आणि कोणी बदलत नाही.

एवढं झालं की जवळच्या दोन-तीन दिव्यांग विद्यार्थ्यांना बोलवा, अर्ज भरू द्या, आणि त्यांना त्या वेळेचे पैसे द्या. चहावर भागवू नका.

प्रश्न : माझी मुलगी कर्णबधिर आहे. अर्ज तिनं एकटीनं भरला. पण कागदपत्रांत त्रुटी निघाली तेव्हा कॉलेजनं तिला फोन केला. तो उचलला गेला नाही म्हणून अर्ज बाजूला ठेवला. आता काय करावं?
— एक आई, सोलापूर

उत्तर : आजच प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मुलगी कर्णबधिर असल्याचं अर्जातच नोंदवलेलं होतं आणि तरी फोनशिवाय दुसरं कोणतंही साधन वापरलं नाही, हे तारखेनिशी लिहा. त्रुटी दूर करायला मुदत मागा. ऐकलं नाही, तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते. सोबत कॉल आलेल्या वेळेचा मोबाइलवरचा स्क्रीनशॉट जोडा.

आणि वरचे कोल्हापूरचे डेव्हलपर, हे वाचत असाल तर मोबाइल क्रमांकाच्या रकान्याखाली एक चौकट वाढवा : ‘फोन करू नका, मेसेज करा.’